ज्ञानकोशातला सीमावाद

बेळगाव कोणत्या राज्यात आहे, या प्रश्नाचे उत्तर टपाल खात्याला एका शब्दात देता येते. ज्ञानकोशाला ते इतके सोपे जात नाही. टपाल खात्याला पत्र तेवढे पोचवायचे असते; ज्ञानकोशाला गावाचा पूर्ववृत्तान्त सांगायचा असतो, आणि पूर्ववृत्तान्त म्हटला की वाटणी आली, हक्क आले, तंटाही आला. विकिपीडिया नावाचा जो ज्ञानकोश आज घरोघरची मुले फोनवर उघडतात, त्याच्या संपादकांत सीमेवरच्या मुलखावरून वर्षानुवर्षे ओढाताण चालू आहे. राज्यांच्या वाटणीत या बाजूला राहिलेल्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांनी तरी तिच्याकडे कानाडोळा करू नये.

ज्ञानकोश म्हटला की जुन्या वाचकांना केतकरांचे तेवीस खंड आठवतात, नंतरच्यांना तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचा विश्वकोश. तिथे प्रमुख संपादक एक असे व चुकल्यास जाब त्याला विचारता येई. २००१ साली निघालेल्या विकिपीडियाला असा धनी नाही. सामान्यतः कोणीही मजकूर बदलावा, दुसऱ्याने तो पूर्ववत करावा, आणि पटले नाही तर लेखामागच्या चर्चेच्या पानावर दोघांनी वाद घालावा, अशी तिची रीत आहे. हा खेळ इतका रंगू लागला की एकाने एकाच लेखात चोवीस तासांत तीनहून अधिक वेळा दुसऱ्याचे बदल परतवू नयेत, असा नियम इंग्रजी आवृत्तीला करावा लागला. निवाड्याची कसोटी एकच: विश्वासार्ह प्रकाशित साहित्यात काय म्हटले आहे? तुमची खात्री, तुमचा अनुभव, तुमच्या आजोबांची आठवण तिथे पुरावा ठरत नाही.

भारतीय लेखांत पहिला तंटा नावाचाच झाला. गावाचे नाव आरंभी कोणत्या लिपीत द्यावे? एकाने कन्नड घातली की दुसरा देवनागरी घालणार, तिसरा म्हणणार उर्दू का नको. अखेर २०१२ साली इंग्रजी आवृत्तीच्या संपादकांनी ठरवले की, काही अपवाद सोडता, भारतविषयक लेखांच्या आरंभी भारतीय लिपीच नको. वाद थांबला खरा. पण दोन भाऊ भांडतात म्हणून दोघांचीही नावे शिधापत्रिकेवरून खोडावीत, तशातला हा न्याय झाला.

बेळगावची हकीकत लिहिताना खरी अडचण कळते. हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता व १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात त्यांनी बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले, २६४ गावे महाराष्ट्राला व २४७ गावे म्हैसूरला द्यावीत असे सुचवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तो वीस वर्षांत निकाली निघाला नाही. दरम्यान २०१४ साली कर्नाटकाने शहराचे अधिकृत नाव बेळगावी केले, आणि २०२२ च्या डिसेंबरात दोन्ही विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव केले. महाराष्ट्राच्या ठरावात ८६५ गावांचा उल्लेख होता.

यांतले एकही वाक्य खोटे नाही. पण एका संपादकाने महाजन अहवाल वर घ्यावा व न्यायालयातला दावा तळाशी ढकलावा, दुसऱ्याने नेमके उलट करावे, की दोन निराळी बेळगावे तयार होतात. सीमावादात उघड खोटेपणा क्वचित असतो. पक्षपात बहुधा क्रमवारीत लपलेला असतो. मराठी मूल मराठी लेख वाचणार व कन्नड मूल कन्नड, दोघांची पाने एकमेकांसमोर येणारच नाहीत, ही त्यातली खरी चिंतेची गोष्ट.

यावर एक तोड पोलंडमधल्या एका शहरावरून निघाली. त्याला जर्मन दान्झिग म्हणत, पोलिश ग्दान्स्क म्हणतात. २००५ साली इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी मतदान घेऊन ठरवले की १३०८ ते १९४५ या काळाविषयी लिहिताना दान्झिग लिहावे, त्याच्या आधी व नंतर ग्दान्स्क. म्हणजे नाव काळाला बांधले.

ही तोड आपल्याकडे किती उपयोगी आहे ते पाहा. १९२५ साली उदगीरला जन्मलेला माणूस निजामाच्या राज्यातल्या बीदर जिल्ह्याचा. १९५६ साली उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बीदरमधून काढून मुंबई राज्याला जोडले, तेव्हा तो उस्मानाबाद जिल्ह्याचा झाला. १९६० साली महाराष्ट्राचा आणि १९८२ साली लातूर जिल्ह्याचा. गाव न सोडता त्याने इतकी ठिकाणे पाहिली! आपली कोठी तरी काय? इथल्या रेसिडेन्सी बाजारात १९३३ पर्यंत रेसिडेंटाचा अंमल होता. तो निजामाकडे परत आला तेव्हा सुलतान बाजार झाला. १९३० सालच्या घटनेविषयी लिहिताना 'निजामाच्या हद्दीत' असे सरसकट लिहिणारा कोठीपुरता चुकतोच.

दरबारात गायलेल्या वडिलांकडून मी गाणे शिकलो, म्हणून आमच्या विद्येतला एक दाखला देतो. भातखंड्यांनी ललत मारवा थाटात घातला, म्हणजे धैवत शुद्ध. पुष्कळ गवई तो कोमल धैवताने गातात. वडील दोन्ही शिकवीत, आणि कोणते कोणाचे ते सांगून शिकवीत. मतभेद झाकला नाही म्हणून शिष्याचा गोंधळ झाला नाही. अर्थात गावाचे रागासारखे नसते. दोन्ही धैवत गाता येतात, गावाचा सातबारा मात्र एकाच दप्तरात असावा लागतो. म्हणून ज्ञानकोशाने तीन प्रश्न वेगळे ठेवावेत: अंमल कोणाचा, दावा कोणाचा, आणि राहणाऱ्यांची बोली कोणती. पहिल्याचे उत्तरही दर वेळी सरळ असते असे नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातल्या चौदा गावांतले लोक महाराष्ट्र व तेलंगण अशा दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्यांत आहेत.

सरकारने हुकूम काढून हा वाद मिटवावा, असे काहींना वाटते. २०२० साली भारत-भूतान संबंधांवरील लेखात अक्साई चीन भारताबाहेर दाखवणारा नकाशा होता. तो काढावा असा आदेश केंद्र सरकारने विकिपीडियाला दिला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणे आपल्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा सरकारची भूमिका समजण्यासारखी आहे. पण देशादेशांतल्या सीमेचा न्याय राज्याराज्यांतल्या सीमेला लावता येत नाही. इथे दोन्ही पक्ष सरकारेच आहेत; हुकूम कोणाचा मानायचा?

राहिला प्रश्न आपला. बीदर, भालकी, बसवकल्याणची मराठी, हैदराबादेतली मराठी शाळा-ग्रंथालये, इथली नाटके व गाण्याच्या मैफली, यांविषयी ज्ञानकोशात जे थोडके लिहिले जाते ते वाद हरल्यामुळे थोडके नाही. आधाराला छापील पान नाही म्हणून थोडके आहे. तिथे ट्रंकेतली सनद चालत नाही, प्रकाशित पुस्तक चालते. ज्यांच्या घरी जुनी पत्रे, संस्थांचे अहवाल, स्मरणिका पडून आहेत त्यांनी त्या नीट संपादून, तारखांसह छापाव्यात व ग्रंथसंग्रहालयात ठेवाव्यात. ते लिहिताना कन्नड, तेलुगू व उर्दू शेजाऱ्यांचा वाटाही लिहावा. तो वगळून लिहिलेले पान दुसरा संपादक उद्या खोडील, आणि त्याला दोष देता येणार नाही.