शिडाच्या बोटीचा तक्ता

गेले तीन आठवडे इथे काही लिहिलं नाही, तेव्हा दोघातिघांनी "तब्येत बरी आहे ना?" म्हणून विचारलं. तब्येत उत्तम आहे. मी शिडाच्या बोटींचा अभ्यास करत होते. हसू नका.

झालं असं, की आमचा धाकटा अमेरिकेत मेरीलँडमध्ये असतो, चेसापीक उपसागरापासून अर्ध्या तासावर. तिथे त्याने दोन वर्षं बोट चालवायचे धडे घेतले आणि आता स्वतःची जुनी बोट घ्यायची म्हणतो. सूनबाई विरोधात, नात बाजूने. त्याने मला अकरा बोटींचा एक्सेलचा तक्ता पाठवला आणि खाली लिहिलं, "आई, तू भूगोल शिकवायचीस, तुझं मत सांग." खरं तर त्याला मत नको होतं, पाठिंबा हवा होता. पण चौतीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईला तक्ता पाठवला की ती तो तपासणारच!

तक्त्यात चौदा रकाने. पहिल्या दिवशी मला त्यातला फक्त किमतीचा कळला. माझे वडील, दादा, मचव्यावर तांडेल होते हे इथल्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. त्यांच्या वेळी गलबताची मोजदाद एकाच आकड्यात व्हायची, किती खंडी माल घेतं. पाण्याची खोली वावांत. बाकी सगळं तांडेलाच्या डोक्यात आणि हातात. इथे मात्र एकूण लांबी वेगळी, पाण्यालगतची लांबी वेगळी, रुंदी, पाण्याखाली किती जाते, एकूण वजन, त्यातलं तळाच्या कण्यातलं वजन किती, शिडांचं क्षेत्रफळ. आणि मग या आकड्यांना एकमेकांनी भागून काढलेली गुणोत्तरं.

हळूहळू गोडी लागली. पाण्यालगतच्या लांबीचंच बघा ना. जड बोट आपण उठवलेल्या लाटेतच अडकते, म्हणून तिच्या वेगाला मर्यादा येते. पाण्यालगतची लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, 1.34 ने गुणायचं, की नॉटमधला वेग मिळतो. 25 फुटांना 6.7 नॉट, साडेसत्तावीस फुटांना 7. म्हणजे अडीच फूट लांबी वाढवून मिळालं काय, तर नॉटचा जेमतेम तिसरा हिस्सा. आणि 7 नॉट म्हणजे ताशी 13 किलोमीटर. एवढे डॉलर मोजून सायकलचा वेग. मी हे त्याला कळवलं, त्याने नुसता हसरा चेहरा पाठवला.

अकरातल्या नऊ बोटी लवकरच गळाल्या. उरल्या दोन. एक कॅटालिना 30, दुसरी वेस्टसेल 32. दोन्ही 1970च्या दशकातल्या. लांबीत दोन फुटांचा फरक, पण कॅटालिनाचं वजन 10,200 पौंड, म्हणजे साधारण 4.6 टन, आणि वेस्टसेलचं 19,500 पौंड, पावणेनऊ टनांच्या वर. जवळजवळ दुप्पट! एक सुट्टीच्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायला काढलेली, असल्या सहा हजारांहून जास्त बोटी बांधल्या गेल्या. दुसरी महासागर ओलांडायला.

धाकट्याचं मन कुठल्या बोटीवर आहे हे सांगायला नकोच. त्याने माझी नस ओळखून लिहिलं, "आई, ही तर आपल्या मुंबईच्या 'सुहेली'ची चुलत बहीण." हे खरं आहे. सुहेली 32 फुटी, सागवानी, 1960च्या दशकात मुंबईत आपल्या सुतारांनी बांधलेली. तीच घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 ला इंग्लंडमधल्या फालमथहून निघाला आणि 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 ला, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीला वळसा घालून तिथेच परतला. असं करणारा तो जगातला पहिला. त्या शर्यतीत नऊजण उतरले होते, शेवटपर्यंत पोचला हा एकटाच. सुहेलीचा आराखडा अमेरिकेतल्या विल्यम अ‍ॅटकिनचा, आणि त्याचं मूळ नॉर्वेच्या कोलिन आर्चरच्या जीवरक्षक बोटींत. वेस्टसेल त्याच कुळातली. दणकटपणाचा पुरावाही आहे. ऑक्टोबर 1991 च्या अटलांटिकमधल्या भीषण वादळात 'सतोरी' नावाच्या वेस्टसेलवरून तिघांना तटरक्षक दलाने काढून घेतलं, बोट तशीच सोडून दिली. ती पुढे मेरीलँडच्याच किनाऱ्याला वाळूत येऊन लागलेली सापडली.

आता माझं मत. पोरा, तू कॅटालिना घे.

चेसापीकची सरासरी खोली 21 फूट, साडेतीन वाव. उन्हाळ्यात तिथे वारा पडलेला असतो, हे तूच दर जुलैत फोनवर सांगतोस. शिडाचं क्षेत्रफळ आणि वजन यांचं जे गुणोत्तर तुझ्या तक्त्यात आहे ते वेस्टसेलचं 14 च्या आत, कॅटालिनाचं 15 च्या वर. आकडे जवळचे दिसतात, पण मंद वाऱ्यात एक चालेल आणि दुसरी बसून राहील. तुला वर्षाला रजा पंधरा दिवस. नऊ टनांची लांब कण्याची बोट धक्क्याला लावताना मागे घ्यायची वेळ आली की ती सुकाणू जुमानत नाही, असं मालकलोक स्वतःच सांगतात. मग तू एकटा ती बाहेर काढायचा कंटाळा करशील आणि ती धक्क्यालाच बांधलेली राहील. महासागर ओलांडायची बोट घेतली म्हणजे महासागर ओलांडायची रजा मिळत नाही.

आणखी एक. हे आकडे त्या मॉडेलचे आहेत, त्या बोटीचे नाहीत. पन्नास वर्षांच्या बोटीचं जन्माच्या वेळचं वजन बघून तिची आजची प्रकृती सांगणं म्हणजे शाळेचा दाखला बघून माझं ब्लडप्रेशर सांगण्यासारखं आहे. पाहणी करणारा माणूस बोलवायचा. तो डेक हातोडीने ठोकून आतून कुजलंय का ते ऐकतो, आपण फणस पिकलाय का बघतो तसं. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा कधी बदलल्या ते विचारायचं. धक्क्याचं वर्षाचं भाडं किती, हा रकाना तर तक्त्यात नाहीच. (सूनबाईने नेमका तोच विचारला. अर्थशास्त्र तिचं पक्कं.)

इथपर्यंत सगळं ठीक होतं. अडले ते शेवटच्या रकान्यावर.

1979 साली फास्टनेटच्या शर्यतीत 303 बोटी वादळात सापडल्या आणि 15 स्पर्धक गेले. त्यानंतर बोट उलटण्याचा धोका ओळखायचं एक सोपं सूत्र निघालं. वजनाला 64 ने भागायचं, घनमूळ काढायचं आणि त्याने रुंदीला भागायचं. उत्तर 2 पेक्षा कमी आलं तर खोल समुद्राला बरी. वेस्टसेलचं 1.63 येतं, कॅटालिनाचं बरोबर 2. धाकट्याने तो 2 लाल रंगाने रंगवला होता, आणि "आता बोल" असं लिहिलं होतं.

मी बोलले नाही. वही घेऊन बसले.

1961 साली मी दहा वर्षांची होते. आगोटीच्या आधीची शेवटची खेप म्हणून दादांच्या मचव्यात जळाऊ लाकूड भरलं. खण भरला, तरी व्यापाऱ्याचा माल उरला होता. पावसाच्या आत मुंबई गाठायची होती. दादा नको म्हणत असताना बापूकाकांनी मोळ्या वर रचायला घेतल्या, पुरुषभर उंच. दादांनी पुढे अडवलं नाही. खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाट आडवी आली आणि मचवा कलंडला तो परत उठलाच नाही. दादा पोहत बाहेर आले. बापूकाका आले नाहीत.

गावात दैव म्हणाले. कुणी नारळ नीट फोडला नव्हता म्हणाले. आजी मरेपर्यंत दादांशी धड बोलली नाही. दादांनी मचवा विकला आणि कुणी विचारलं तर एवढंच म्हणायचे, "जड झाला होता." मीही तेच धरून चालले. जड झाला, म्हणून बुडाला.

परवा मी त्या सूत्रात मचव्याचे अंदाजे आकडे घालून पाहिले. वजन वाढवलं की उत्तर कमी होतं, म्हणजे चांगलं येतं. मोळीवर मोळी ठेवत जा, सूत्र म्हणतं बोट अधिकाधिक भरवशाची होते आहे! मी दोनदा तपासलं, मग लक्षात आलं. त्यात फक्त वजन आणि रुंदी आहे. वजन कुठे आहे, हे त्याला दिसतच नाही. शिसं तळाच्या कण्यात ओता नाहीतर डोलकाठीच्या टोकाला बांधा, उत्तर एकच.

मचवा जड नव्हता झाला. वर जड झाला होता. त्याच मोळ्या खणात मावल्या असत्या तर त्याने दांडा ओलांडलाही असता. हे दादांना ठाऊक होतं, नाहीतर ते नको म्हणालेच नसते. फक्त त्यांना ते आजीला समजेल असं मांडता आलं नाही, आणि अडवलं का नाही याचं उत्तर कुठल्याच सूत्रात नव्हतं. दादा जाऊन एकोणतीस वर्षं झाली. चुलतभावंडांपैकी जे हे वाचत असतील त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे. बापूकाकांना दोष द्यायचा नाही. उरलेला माल टाकून कोण गेलं असतं?

तेव्हा तक्ते करू नयेत, असं माझं म्हणणं मुळीच नाही. काही लोकांना जुन्या माणसांकडून तेच ऐकायला आवडतं, की आमचे तांडेल वाऱ्याच्या वासावरून सगळं ओळखायचे. ओळखायचे, पण सांगता यायचं नाही. मला तर वाटतं, दादांच्या हातात एखादा रकाना असता तर व्यापाऱ्याला आणि भावाला दाखवायला बरं झालं असतं. फक्त प्रत्येक आकड्याला विचारायचं, बाबा रे, तुला काय दिसत नाही?

धाकट्याला मी कॅटालिनाचं लिहिलंच, आणि पुढे एक गृहपाठ दिला. लाल रंग पुसून टाक. त्याऐवजी, कुठलीही बोट घेतलीस तरी तिच्यावर तू काय काय नेणार, किती वजनाचं आणि पाण्यापासून किती उंचीवर ठेवणार, याचा नवीन रकाना कर. छोटी होडी, सौरपॅनेल, पाण्याचे कॅन, नातीची सायकल, सगळं.

दोन दिवस उत्तर नाही. काल सूनबाईचा फोन आला, म्हणाली, सकाळपासून टेप आणि वजनकाटा घेऊन धक्क्यावर गेलाय. कुठल्या बोटीवर, ते तिला सांगून गेला नव्हता.