सवत, मैत्रीण आणि तिसरे माणूस

एकाच वेळी दोघांवर प्रेम, ते कोणापासूनही न लपवलेले आणि सगळ्यांच्या संमतीने चाललेले, असे नाते प्रेमकथेत आले की पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे परदेशी खूळ आहे, आपल्या मातीत असले काही नव्हते. ‘पॉलिअ‍ॅमरी’ हा शब्द परका आहे, हे खरेच. पण एका माणसाचे एकाहून अधिक जोडीदार ही गोष्ट आपल्याला परकी होती, हे म्हणणे टिकत नाही. जात्यावरच्या ओव्यांत सवतीवरच्या ओव्यांची रास आहे. ‘दोन बायका, फजिती ऐका’ ही म्हण घरोघरी माहीत आहे. त्या म्हणीतली फजिती मात्र नवऱ्याची. दोघी बायकांचे काय झाले ते सांगायला जातेच लागले. मुंबई प्रांतात १९४६ साली आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हिंदू पुरुषाचे बहुपत्नीत्व बंद झाले. तोवर दुसरी बायको करणे हा देशाच्या बहुतेक भागांत गुन्हा नव्हता. बाईच्या मनाची बाजूही लोकपरंपरेने अगदीच सोडलेली नाही. विठ्ठल उमपांनी गाजवलेल्या ‘जांभूळ आख्याना’तली द्रौपदी पाच नवऱ्यांची बायको आहे आणि तरी तिचे मन कर्णाकडे ओढ घेते. ज्या समाजाने ही कथा रात्र रात्र बसून ऐकली, त्याला मनाच्या अशा ओढीची ओळख नव्हती असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

तेव्हा प्रश्न जोडीदारांच्या संख्येचा कधीच नव्हता. कोणाला विचारले आणि कोणाला विचारले नाही, हा होता. तो सर्वांत परखडपणे मांडला तो बुलढाण्याच्या एका बाईने. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला, प्रती पाचशे. निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेचे. पोटच्या अर्भकाच्या हत्येबद्दल तिला १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. पण तेवढ्यात वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांच्या नीतीवर कोरडे ओढून झाले होते. त्या गर्भाला कारण झालेल्या पुरुषाचे नाव कोणी काढीना. ताराबाईंनी तिथेच बोट ठेवले. आणि त्या केवळ वर्तमानपत्रांवर थांबल्या नाहीत, त्या काळच्या कथा-कादंबऱ्या आणि नाटकांकडेही वळल्या. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य प्रेमकथांचा तो काळ. बाईचे कपट, बाईचा चंचलपणा, बाईचे साहस हे सगळे पुरुष लेखकांनी रंगवावे आणि पुरुषाच्या चार ठिकाणच्या भानगडी मात्र रसिकतेत जमा व्हाव्यात, हा हिशेब त्यांनी उघडा केला. सत्यशोधकांतही या पुस्तकावर नाके मुरडणारे निघाले, तेव्हा १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये जोतीराव फुल्यांना ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. पुढे हे पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले.

यावर बिनतोड वाटणारा आक्षेप असा, की ताराबाईंना अशा नात्यांच्या पाठिराख्यांत बसवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांनी पुरुषाकडे निष्ठा मागितली. बाईला अनेक प्रियकर मागितले नाहीत. आक्षेप बरोबर आहे आणि मी त्यांना त्या पंगतीत बसवतही नाही. मी त्यांचे माप घेतो: जे एकाला चालते ते दुसऱ्याला का चालू नये, आणि ज्याची किंमत एकच जण मोजतो त्याला प्रेम का म्हणावे? हे माप जुने झालेले नाही. भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९७ प्रमाणे विवाहितेशी संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार ठरे. पण तिच्या नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच होत नसे. तिघांच्या नात्याला कायद्याने एका परीने वाट ठेवली होती, फक्त तीत बायकोच्या होकार-नकाराला जागा नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. ताराबाईंच्या निबंधानंतर एकशे छत्तीस वर्षांनी.

हेच माप मराठी साहित्याला लावले की चित्र स्वच्छ होते. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. मित्रा या नायिकेचे नमा या तरुणीवर प्रेम, नमा एकीकडे मित्राकडे येते आणि दुसरीकडे आपला प्रियकर मन्या दळवी यालाही सोडत नाही, आणि मित्रावर जीव असलेला बापू आपली खोली त्या दोघींना भेटायला देतो. खोली देणारा मित्र ही मला या नाटकातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. मराठी प्रेमकथेत दोस्त चिठ्ठी पोचवतो आणि बाजूला होतो. बापू बाजूला होत नाही, सारी गोष्ट तोच सांगतो आणि त्याचे दुःखही तिच्यात राहते. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) मध्ये घरात राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ तनय आणि बहीण अनुजा दोघांचेही प्रेम बसते. दोघांची निवेदने वेगवेगळी, तेच घर, तोच माणूस, आणि एकाला दुसऱ्याचे ठाऊक नाही. या दोन्ही कृतींत माणसे उद्ध्वस्त होतात, तेव्हा आक्षेपक म्हणतील, पाहा, याचा शेवट असाच. पण त्यांना मोडले कशाने? मित्राला मोडते ते तिला कोणी मोकळेपणाने न स्वीकारणे आणि वापरून घेणे. तनय-अनुजाला मोडते ती लपवाछपवी. तिसऱ्याचे असणे हे दोन्हीकडे कारण नाही. संमतीचे, उघड नाते या कृतींत आलेलेच नाही, मग त्याचा शेवट त्यांच्यावरून कसा ठरवणार?

आता समर्थकांकडे वळतो, कारण त्यांचेही सगळे मान्य करण्यासारखे नाही. मोकळे नाते म्हटले की मत्सर गळून पडतो, मालकी संपते, असे चित्र काही प्रेमकथा रंगवतात. ते खोटे आहे. नोकरी असलेल्या पुरुषाने घरात अडकलेल्या बायकोपुढे ‘आपण मोकळे राहू’ असे ठेवले, तर ती संमती नव्हे. ती नव्या नावाची सवत आहे. गौरी देशपांडे यांच्या कथांवर नेहमी होणारी टीका इथे विचारात घ्यावी लागते. ‘तेरुओ’मधली विवाहित नायिका जपानी तरुणावर प्रेम करते, आणि टीकाकार म्हणतात, पैसा, शिक्षण आणि परदेश हाताशी असलेल्या बाईला हे परवडते. परवडते, हे खरे. म्हणून ती कथा खोटी ठरत नाही. पुढच्या लेखकाचे काम मात्र वाढते. बुलढाण्याकडच्या चिखली किंवा मेहकरमध्ये अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या दोन मुली आणि एक मुलगा अशी कथा लिहायची, तर मनाच्या गुंत्याइतकेच खोलीच्या भाड्यावर लिहावे लागेल. घरमालक नाते विचारणार. दवाखान्याच्या फॉर्मवर एकाच जोडीदाराचे नाव मावणार. गावाकडे सातबाऱ्यावर नाव चढवायची वेळ आली की तिघांतल्या एकाला काहीच हक्क उरणार नाही, आणि जातीचा प्रश्न तर त्याही आधी दारात उभा असेल. हे सगळे टाळून लिहिलेली प्रेमकथा ही समृद्धांची कल्पनाविलासी करमणूक होईल.

उरतो तो तरुण वाचक बिघडण्याचा मुद्दा. सवतीच्या ओव्या ऐकून कोणी सवत आणली नाही. उलट त्या ऐकून कित्येक बायकांना आपले दुःख बोलता आले. आज ज्या मुलामुलींच्या मनात एकाहून अधिकांबद्दल ओढ आहे, त्यांच्यापुढे दोनच वाटा आहेत, लपवणे किंवा फसवणे. प्रेमकथेत तिसरी वाट दिसली, तिच्यातले भांडण, मत्सर आणि वाटाघाटीसह दिसली, तर ती पत्करायची की नाही हे ठरवायला निदान काही हाताशी येईल. नको वाटली तर तेही कळेल. त्यासाठी लेखकाने तिघांनाही बोलते करायला हवे. ‘कोबाल्ट ब्लू’मधल्या त्या तरुणाला नावही नाही, तनयची बाजू आहे, अनुजाची बाजू आहे, त्याची नाही. कुंडलकरांच्या कादंबरीची ती गरज होती, कारण ती हरवलेल्या माणसाबद्दल आहे. पण जिथे तिघे राहणार आहेत, तिथे त्या तिसऱ्या माणसाचे निवेदन गाळून चालणार नाही.