संगणकाशी गट्टी : सुटे भाग आणा, कॉम्प्युटर जोडा!

काय दोस्तांनो, घरात फुलीच्या टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर आहे ना? नसेल तर शेजारच्या काकांकडून मागून आणा. आज आपल्याला एवढे एकच हत्यार लागणार आहे. कारण आज आपण चक्क एक अख्खा कॉम्प्युटर जोडायचा आहे!

ताईला परीक्षेचे फॉर्म भरायचे असतात. आईला बचत गटाचा हिशेब ठेवायचा असतो. बाबांना दुकानाची बिले छापायची असतात आणि तुम्हाला शाळेचा प्रकल्प लिहायचा असतो. मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर हे सगळे करताना डोळ्यांचे आणि बोटांचे हाल होतात. म्हणून मग घरात ठरते, एक कॉम्प्युटर घ्यायचा. पण दुकानात पाऊल टाकले की रंगीत दिवे लुकलुकणारी पेटी समोर येते आणि, “हाच घ्या, सगळं चालतं यावर,” असे ऐकू येते. सगळे चालते हो! पण आपल्याला सगळे चालवायचे आहे का? घरातले पैसे महिनोन् महिने बाजूला काढून साठवलेले असतात. ते कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हे आपल्यालाच कळायला हवे.

आधी एक गंमत. टीव्ही किंवा फ्रिज कुणी घरी सुटे भाग आणून जोडत नाही. मग कॉम्प्युटरच का जोडता येतो? याचे उत्तर १९८१ सालात आहे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. घाई होती, म्हणून कंपनीने बरेचसे भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा, प्रणाली मायक्रोसॉफ्टची. शिवाय यंत्राच्या आतल्या जोडण्यांचे आराखडेही पुस्तकात छापून टाकले. झालं! इतर कंपन्यांनी तशाच मापाचे, तशाच पिनांचे भाग बनवायला सुरुवात केली. आज एका कंपनीचा बोर्ड, दुसरीची रॅम आणि तिसरीची पेटी गुण्यागोविंदाने नांदतात त्या यामुळेच. त्या पहिल्या यंत्राची मेमरी कमीत कमी १६ किलोबाइट होती. आजचा साधा ८ गिगाबाइटचा कॉम्प्युटर त्याच्या ५,२४,२८८ पट मेमरी बाळगतो! भागून पाहा हवे तर.

आता भाग ओळखू या. त्यासाठी स्वयंपाकघरात चला.

प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी व्यक्ती. सगळी आकडेमोड इथेच होते. रॅम म्हणजे ओटा. ओटा जितका मोठा, तितकी भांडी एकाच वेळी मांडता येतात. काम संपले, वीज गेली की ओटा पुसला जातो. साठवण म्हणजे फडताळ. तिथले डबे वीज गेली तरी जागेवर असतात. आणि मदरबोर्ड म्हणजे हे सगळे जिथे मांडले आहे ते स्वयंपाकघरच. उरली एसएमपीएस ही लोखंडी डबी. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून सगळ्यांना वाढते.

आता एकेकाची निवड. लिहिणे, हिशेब, इंटरनेट, व्हिडिओ आणि ऑनलाइन तास एवढ्या कामांना चार कोअरचा प्रोसेसर पुरून उरतो. म्हणजे स्वयंपाकघरात चार जणी हाताशी असल्यासारखेच. उदाहरणार्थ इंटेलचा २०२२ साली आलेला कोअर आय-थ्री १२१००, किंवा त्याचा २०२४ चा धाकटा भाऊ १४१००. एएमडीचा २०२१ चा रायझन ५ ५६००जी तर सहा कोअरचा आहे. या तिघांच्याही पोटात चित्र दाखवणारा भाग आहे. त्यामुळे वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागत नाही. खर्चाचा मोठा डोंगर तिथेच उतरतो!

पण इथे एक सापळा आहे, बरं का. इंटेलच्या त्याच प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ हे अक्षर असेल, तर त्यात चित्राचा भाग नसतो. १२१००एफ थोडा स्वस्त दिसतो, पण कार्ड लावल्याशिवाय पडदा काळाच! उलट एएमडीच्या ५६०० मध्ये चित्राचा भाग नाही, आणि पुढे ‘जी’ लागले की आहे. एकाच्या नावात अक्षर आले की चित्र जाते, दुसऱ्याच्या नावात अक्षर आले की चित्र येते. म्हणून डबीवरचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचे.

मदरबोर्ड घेताना जोडी जुळते का ते पाहायचे. १२१०० आणि १४१०० ज्या खाचेत बसतात तिला एलजीए १७०० म्हणतात, कारण तिच्यात १७०० बारीक पिना असतात. ५६००जी ला एएम४ ही खाच लागते. त्यातही एलजीए १७०० चे काही बोर्ड डीडीआर४ रॅम घेतात, तर काही डीडीआर५. दोन्हींच्या पट्टीला २८८ टोके असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या घरात दुसरी बसतच नाही. जोर लावला तर बोर्ड मोडेल, रॅम नाही बसायची. आणखी एक. बोर्ड जुना आणि प्रोसेसर नंतरचा असेल, तर बोर्डाचे बायॉस ताजे करावे लागते. दुकानदाराला तेवढे आधीच करून द्यायला सांगा.

रॅम ८ गिगाबाइट ही सुरुवात. १६ असेल तर दहा-बारा पाने उघडून बसणारी ताईही खूश. मात्र रॅमचे भाव फार नाचतात. २०२५ च्या अखेरीस ते भराभर चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी मेमरीची मागणी वाढवली. तेव्हा आज ८ घ्या, पण दोन खाचा असलेला बोर्ड निवडा. भाव उतरले की दुसरी पट्टी लावता येते. ओटा नंतर वाढवता येणे ही केवढी सोय!

साठवणीत मात्र कंजुषी नको. जुनी हार्ड डिस्क म्हणजे माळा. शिडी लावा, चढा, डबा शोधा, उतरा! तिच्यात खरोखरच एक तबकडी फिरते, बहुतेक वेळा मिनिटाला ७२०० फेरे. एसएसडी म्हणजे हाताशी असलेला कप्पा. फिरणारे काहीच नाही. एम.२ जातीची एसएसडी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, च्युइंगगमच्या पट्टीएवढी! २५६ किंवा ५१२ गिगाबाइटची पुरे. महागडा प्रोसेसर आणि हार्ड डिस्क या जोडीपेक्षा साधा प्रोसेसर आणि एसएसडी ही जोडी रोजच्या कामात जास्त चपळ वाटते. हे एक वाक्य लक्षात ठेवलेत, तरी घरच्यांचे पैसे वाचवलेत.

आणि एसएमपीएस? तो दिसत नाही, म्हणून सगळ्यात आधी त्याच्यावरच कात्री चालते. पेटीबरोबर ‘फुकट’ मिळालेला बिननावाचा एसएमपीएस घेऊ नका. तो बिघडला तर एकटा जात नाही, सोबत बोर्डालाही घेऊन जातो. नावाजलेल्या कंपनीचा ४०० ते ४५० वॉटचा, ‘८० प्लस’ असा छाप असलेला घ्या. या छापाचा अर्थ असा की, घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज तो कामी लावतो, उरलेल्याची उष्णता होते. पेटी मात्र साधी चालते. दिवे, काचेचा दरवाजा, रंगीत पंखे यांतून गणिताचे एकही उत्तर लवकर येत नाही!

आता वही काढा आणि दोन याद्या करा. पहिली पेटीच्या आतल्या भागांची. दुसरी बाहेरच्यांची : मॉनिटर, की-बोर्ड, माउस, यूपीएस. बजेट कोसळते ते याच दुसऱ्या यादीत. कारण काही गोष्टी कुणी सांगतच नाही. स्वस्त बोर्डात बहुतेक वेळा वाय-फाय नसते, त्यासाठी छोटे यूएसबी उपकरण किंवा केबल लागते. कॅमेरा आणि माइक वेगळे घ्यावे लागतात. कित्येक मॉनिटरांत स्पीकरही नसतो. या सगळ्यांना जागा ठेवून मगच प्रोसेसरचा आकडा ठरवा.

खरेदीला कुठे जायचे? मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पुण्यात तपकीर गल्ली. गावात असाल तर तालुक्याचे दुकान. कुठेही जा, तीन ठिकाणी तीच यादी दाखवून भाव लिहून घ्या आणि ऑनलाइन भावही पाहा. “बिल नको असेल तर १८ टक्के जीएसटी वाचेल,” असे कुणी म्हटले, तर हसून नाही म्हणा. बिल नाही तर वॉरंटी मागायची कशाच्या जोरावर? आणि हो, घरातले मोठे माणूस बरोबर हवेच.

सगळे आणलेत? चला, जोडू या. टेबल कोरडे हवे. आधी पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. प्लॅस्टिकचा कंगवा केसांवर घासल्यावर कागदाचे कपटे उचलतो ना, तीच ही वीज. आपल्याला ती जाणवतही नाही, पण चिपचा जीव जाऊ शकतो.

१. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण खाचेवरच्या खुणेशी जुळवा आणि अलगद ठेवा. दाबायचे नाही!

२. रॅमची खाच जुळवून दोन्ही टोके दाबा. ‘टक’ असा आवाज आला की बसली.

३. एसएसडी तिरकी सरकवा, मग आडवी करून इवल्याशा स्क्रूने बांधा.

४. पंखा बसवा. त्याच्या बुडाला राखाडी लेप नसेल, तर प्रोसेसरवर वाटाण्याएवढा लेप घाला. पंख्याच्या चार खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबा. पंख्याची वायर बोर्डाला जोडायला विसरू नका.

५. मागच्या तोंडांची पत्र्याची पट्टी सुटी असेल, तर ती आधी पेटीत बसवा. मग बोर्ड पेटीतल्या उंचवट्याच्या स्क्रूंवर ठेवा. त्याच्या पाठीला पत्रा लागता कामा नये.

६. एसएमपीएसच्या दोन वायरी महत्त्वाच्या : बोर्डाची २४ पिनांची आणि प्रोसेसरची ८ पिनांची. दुसरी बहुतेक नवशिके विसरतात! बटणाच्या बारीक वायरींचा नकाशा बोर्डाच्या पुस्तिकेत असतो.

तीन पिनांच्या सॉकेटलाच जोडा. ती जाड तिसरी पिन अर्थिंगची असते, तीच आपली राखणदार. बटण दाबा. पडदा काळाच राहिला? घाबरू नका. मागचा स्विच चालू आहे का, ८ पिनांची वायर लावली का, मॉनिटरच्या केबलचे टोक नीट बसले का, हे पाहा. मग वीज बंद करून, वायर काढून, रॅम पुन्हा बसवा. पुष्कळदा रोग इथेच असतो. एसएमपीएसची डबी मात्र कधीही उघडायची नाही. वायर काढल्यावरही तिच्या पोटात धोकादायक वीज साठून राहते. हा नियम मोठ्यांनाही लागू!

आता प्रणाली. विंडोज ११ विकत घ्यावी लागते. तीही बजेटच्या यादीत धरा, चोरीची प्रत नको. पैसे तेवढे नसतील तर लिनक्स आहेच. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली. उबुंटू किंवा लिनक्स मिंट फुकट मिळते, कायदेशीरपणे. लिब्रे ऑफिसमध्ये पत्रेही लिहिता येतात आणि बचत गटाचा हिशेबही मांडता येतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठीही झकास टाइप होते. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. महिनाभर सराव करा, मग बघा बोटे कशी पळतात!

योगायोग पाहा, १९९१ सालीच पुण्याच्या सी-डॅक संस्थेत डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परम ८००० हा महासंगणक तयार केला. तोही अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडूनच!

आणि एवढेही पैसे नसतील तर? तर कचेऱ्यांतून निघालेले जुने कॉम्प्युटर पाहा. त्यात हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. म्हणून त्याहून जुने यंत्र असेल तर लिनक्स टाका. त्यात कमीपणा काहीच नाही.

आपण जोडलेल्या कॉम्प्युटरचा खरा फायदा पैशांत मोजायचाच नसतो. उद्या तो अडला, तर “किती घेणार?” असे विचारत दुकानात धावायच्या आधी तुम्ही पेटी उघडून म्हणाल, “थांबा बाबा, मी बघते!”

जाता जाता एक कोडे. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून ६० वॉट घेतात, रोज ४ तास चालतात. २००० वॉटचा गीझर रोज १५ मिनिटे चालतो. ३० दिवसांत जास्त युनिट कुणाचे? १००० वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट, एवढे लक्षात ठेवा. उत्तर काढा आणि “दिवसभर कॉम्प्युटर लावून बसतेस!” असे म्हणणाऱ्या घरच्यांना ऐकवा. गणित बरोबर असेल, तर तुमचीच सरशी!