वादळाआधी झाडे मोजा

बागायतदार मंडळी, ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागावर आले आणि उभ्या पोफळी काडीसारख्या मोडल्या. पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' कोकण किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. तुम्हाला तो वारा आठवत असेल, मला मात्र पंचनामे आठवतात. 'निसर्ग'नंतर शासनाने फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. आकडा मोठा, पण आपल्या वाड्या गुंठ्यांच्या. दहा गुंठ्यांचे झाले पाच हजार! आणि नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षे. त्यात सात-बारावर सुपारी-नारळाची नोंदच नसली, की वाद आलाच.

म्हणून माझे म्हणणे असे, की झाडांचा हिशेब वादळाआधी व्हायला हवा. ई-पीक पाहणीत मिश्र पिके नोंदवा, वाडीचे फोटो काढून ठेवा. सरपंच-ग्रामसेवकांनीही घरवार झाडांची यादी एप्रिलमध्येच दप्तरात लावावी. वादळानंतर वीज जाते, मोबाईल बंद पडतो, तेव्हा कागदच कामाला येतो.

इशारा मिळताच तयार नारळ, सुक्या झावळ्या उतरवून घ्या. वारा एकदम पडला म्हणून लगेच वाडीत धावू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. मागाहून उलट्या दिशेने वारा येतो. समुद्राच्या अंगाला सुरूच्या दोन-तीन ओळी या पावसाळ्यात लावाच. आणि कलंडलेल्या कोवळ्या माडाचा कोंब शाबूत असेल तर कोयता चालवू नका. सरळ करून आधार द्या, मातीची भर घाला, शेंड्यात एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा.