राजाला झांज, राक्षसाला लुगडं

“गुण ओळखत बसायला ही काय बालवाडी आहे?” गेल्या आषाढात आंबोलीच्या एका हॉटेलात एक व्यवस्थापनतज्ज्ञ गरजले. वर्षाला साधारण ७००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या गावात हल्ली कंपन्या ‘टीम बिल्डिंग’ला येतात. धबधब्याखाली भिजून, भजी खाऊन झाली की हॉलमध्ये प्रोजेक्टर लागतो. भाच्याच्या कृपेने मीही मागच्या खुर्चीत होतो.

साहेबांचं म्हणणं थोडक्यात असं. माणूस म्हणजे मनुष्यबळ. ते कुठल्याही प्लगला चाललं पाहिजे. एखादं काम एकालाच जमतं म्हटलं की तो रजेवर गेला की काम अडतं. गुणांचं कौतुक केलं की माणूस शेफारतो आणि ‘हे माझं काम नाही’ म्हणतो. शिवाय गुणांप्रमाणे कामं वाटणं म्हणजे वर्णव्यवस्थाच नव्या फायलीत घालणं. तेव्हा दर तीन महिन्यांनी टेबलं बदला, कोणीही कुठेही बसला पाहिजे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पुढे जेवण होतं.

वर्णव्यवस्थेचं आधी उरकतो. जात माणूस जन्मण्याआधीच त्याचं काम ठरवते, त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. मी म्हणतो, आधी बघा. दोन्ही एकच दिसत असेल तर चष्म्याचा नंबर तपासावा. रजेची अडचण खरी आहे, पण तिला शेजारच्याला थोडं शिकवून ठेवणं पुरतं; त्यासाठी सगळ्यांना सगळं अर्धवट यायची गरज नाही.

आता ते ‘कोणीही कुठेही’. साहेब ज्या जिल्ह्यात उभं राहून हे बोलत होते, तिथे दशावतार खेळतात. त्याला लिखित संहिता नसते. आख्यान कुठलं, कोणाचा प्रवेश कधी, हे रंग लावता लावता ठरतं आणि रात्रभराचे संवाद रंगमंचावर आयत्या वेळी जन्मतात. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ. पायपेटी, पखवाज, झांज. एवढ्यावर पहाट होते. हे चालतं कसं? राजपार्टी, खलपार्टी, स्त्रीपार्टी करणारा प्रत्येक जण दुसऱ्याला आतून-बाहेरून ओळखून असतो म्हणून.

एका जानेवारीत घाटाखालच्या गावात जत्रेला गेलो होतो. पहाटे तीनच्या सुमारास ऐन युद्धाच्या आव्हानात राजाचा आवाज बसू लागला. पखवाजवाल्याने मान वर केली नाही, पण ठेका लांबवला. राक्षसाने ते ऐकलं आणि राजाच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला, चांगली दहा मिनिटं. तेवढ्यात राजा संतापाने पाठ फिरवून पडद्यामागे गेला, गरम पाणी पिऊन आला आणि गरजला. प्रेक्षकांना वाटलं, काय भांडण रंगलंय! सकाळी मी पखवाजवाल्याला गाठलं. तो म्हणाला, “तेचो दम खंय सुटता ता माका म्हायती आसा.” साहेबांच्या पद्धतीने त्या रात्री राजा झांज वाजवत असता, राक्षस लुगडं नेसून सीता झाला असता, आणि आम्ही बाराच्या आत घरी झोपलो असतो.

असा एक टेबलफिरवू साहेब आमच्या पतपेढीतही येऊन गेला. खतावणीवर बसणारा आमचा एक सहकारी दिवसाला चार वाक्यं बोलायचा. त्याला काउंटरवर बसवलं. काउंटरवर खातेदारांना हसवणाऱ्या बाईंना खतावणीवर. काउंटरवर भांडणं सुरू झाली आणि मार्चअखेर तेरीज जुळेना. २७० रुपयांचा फरक. रात्री अकरापर्यंत आम्ही बेरजा करत होतो. शेवटी कोणीतरी त्या अबोल माणसाला विचारलं. “किती म्हणता? दोनशे सत्तर? नवाने भाग जातो. आकडे उलटे पडलेत.” पाव तासात सापडलं: ५२० चे २५० झाले होते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा काउंटरवर, कारण तीन महिने पुरे व्हायचे होते! त्या साहेबाशी मी तेव्हाही भांडलो होतो. हरलो होतो. आज लिहितोय त्यात तो राग नाही असं म्हणणार नाही.

एका बाबतीत मात्र मी तज्ज्ञांच्या बाजूला आहे. चाळीस प्रश्न सोडवून माणसाला ‘निळा’ किंवा ‘लाल’ ठरवणाऱ्या चाचण्यांची त्यांनी टर उडवली, ती मला पटली. पण चाचणी खोटी म्हणून गुणच खोटा, हे कुठलं गणित? मेरेडिथ बेल्बिन या इंग्रज संशोधकाने व्यवस्थापकांच्या संघांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून १९८१ साली पुस्तक लिहिलं. निव्वळ हुशारांचे संघ अनेकदा मागे पडतात, असं त्याला आढळलं होतं. एकमेकांचे तर्क खोडण्यातच त्यांची शक्ती जायची. आमच्या दशावतारी मंडळींना विचारलं असतं तर त्यांनी फुकट सांगितलं असतं.

मग करायचं काय? माझ्याजवळ मोठी योजना नाही. महिनाभर बघा. माणसाला त्याचा गुण विचारू नका, शेजारच्या टेबलाला विचारा. आणि कळलेलं साहेबाच्या कपाटात ठेवू नका. सोबत काम करणाऱ्यांना ते ठाऊक हवं. त्या रात्री राजाचा दम कुठे सुटतो हे पखवाजवाल्याला माहीत होतं म्हणून नाटक तरलं. नुसतं मालकाला माहीत असून काय उपयोग होता?

राहिलं ‘हे माझं काम नाही’. त्या जत्रेत उजाडताना दहीकाला झाला, हंडी फुटली. राजाने मुकुट उतरवला, अर्धा रंग पुसलेल्या राक्षसाने पेटाऱ्याची एक बाजू धरली आणि स्त्रीपार्टीने लुगडं खोचून दुसरी. टेम्पोत सामान चढलं. बाकडं तेवढं राहिलं होतं. येत्या हंगामात साहेबांना जत्रेचं आमंत्रण आहे. कोणीही उचललं तरी चालेल, असं काम तिथे तेवढं एकच आहे.