रात्रीं पहारा कोण करतो?

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या पुण्याहून ढोकीस आला होता. नळानें घरोघर गॅस पुरविण्याच्या कामांत तो आहे. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं देवापुढें दिवा लागल्यावर आम्ही सर्व मंडळी माजघरांत बसलों असतां त्याच्या मातोश्रींनीं, म्हणजे आमच्या वहिनींनीं, त्यास एक प्रश्न केला. वहिनींचें वय आतां ऐंशीच्या पुढें आहे. दोन महिने त्या मुलाकडे राहून आल्या होत्या. तेथील स्वयंपाकघरांत टाकी नाहीं, ती संपण्याची धास्ती नाहीं, याचें त्यांस मोठें कौतुक वाटलें. तथापि मनांत एक शंका घेऊन त्या परतल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, आपली इथली टाकी मी निजण्यापूर्वीं स्वतःच्या हातानें बंद करतें. तुझ्या त्या नळीचा दुसरा शेंडा कोठें आहे हें मला दिसतही नाहीं. तिकडे रात्रीं पहारा कोण करतो?"

घरांतील तरुण मंडळी हंसली. आम्ही हंसलों नाहीं. ज्या अग्नीवर साऱ्या घराचें अन्न शिजतें त्याची चौकशी करण्यांत हंसण्यासारखें आम्हांस कांहीं दिसत नाहीं. पुतण्यानेंही आईस टाळलें नाहीं. त्यानें जें सांगितलें तें आमच्या वाचकांच्या घरींही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम दाबाचा हिशेब पाहूं. हा गॅस मुख्यत्वें मिथेन असून पोलादी वाहिन्यांतून दुरून येतो. पुरेसा गॅस पुढें सरकावा म्हणून तेथें त्याचा दाब मोठा ठेवावा लागतो. शहराच्या मुख्य पोलादी वाहिनींत तो 49 बारपर्यंत असूं शकतो. 1 बार म्हणजे सुमारें 10 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा भार. पुढें पेठेंतील दाब-नियंत्रण केंद्रांत तो साधारणतः 4 बारवर उतरवितात, इमारतीजवळ तो 100 मिलिबारच्या आसपास येतो, आणि शेगडीशीं पोहोंचतां पोहोंचतां केवळ 21 मिलिबार उरतो. 21 मिलिबार म्हणजे पाण्याचा एक वीत उंचीचा स्तंभ. आणि 4 बार म्हणजे 40 मीटरांचा! शेगडी एक वीत भारासाठीं घडविलेली. तिच्याकडे वरचा दाब अकस्मात् धांवला तर ज्योत हातभर उसळेल, अथवा सांधे गळून घरांत गॅस कोंडेल. एका शेगडीवरच नव्हे, त्या केंद्रावर अवलंबून असलेल्या शेंकडों घरांवर हा प्रसंग एकाच क्षणीं येऊं शकतो.

असें होऊं नये म्हणून त्या केंद्रांत एकामागें एक रक्षक बसविलेले असतात. पहिला रेग्युलेटर. त्याच्या पोटांत एक पडदा व एक स्प्रिंग असते. पुढील नळींतील दाब वाढला कीं पडदा उचलला जाऊन वाट आकुंचित होते, दाब घटला कीं ती रुंदावते. हा बिघडला तर त्याच्या जोडीचा दुसरा रेग्युलेटर काम हातीं घेतो. दोघेही चुकले तर एक झडप धाडकन मिटते व वाटच बंद करते. तिला त्या कामांतले लोक स्लॅम-शट व्हाल्व्ह म्हणतात. शिवाय थोडाफार वाढलेला दाब उंचावर मोकळ्या हवेंत सोडून देणारा एक लहान व्हाल्व्ह असतो.

येथें वहिनी म्हणाल्या, "म्हणजे कुकरसारखेंच कीं! शिटी चोंदली तर झाकणावरचा व्हाल्व्ह वितळतो." ही उपमा आम्हांस फार योग्य वाटली. भेद एवढाच कीं, स्लॅम-शट वाफेप्रमाणें गॅस बाहेर सोडीत नाहीं; तो कोंडून धरतो, आणि एकदां मिटला म्हणजे माणसानें येऊन, कारण शोधून, हातानें उघडल्याखेरीज उघडत नाहीं. तेव्हां रात्रीं पहारा करतो तो हाच.

परंतु खरी अडचण पुढेंच आहे. कुकरची शिटी रोज वाजते, म्हणून ती शाबूत आहे हें रोज कळतें. स्लॅम-शटवर मात्र प्रसंग वर्षानुवर्षें येत नाहीं. तो उभा असतो. जागा आहे कीं निजला आहे हें बाहेरून समजत नाहीं. स्प्रिंग ढिली पडते, रबर कडक होतें, वंगण घट्ट होतें, सांध्यांत धूळ व गंज बसतो. म्हणून ठराविक मुदतीनें त्याची परीक्षा घ्यावी लागते. पूर्वीं ही परीक्षा कांट्याच्या दाबमापकावर डोळा ठेवून होत असे. एकानें दाब वाढवावा, झडप पडल्याचा आवाज होतांच कांटा कोठें होता तें पाहावें, व वहींत आंकडा मांडावा. कांटा तर हलता. डोळ्यास दिसला तो आंकडा अंदाजाचा. आणि वहीच्या मागील पानावर गतवर्षींचा आंकडा तयार! हात तिकडे वळल्यास नवल कोणतें?

याविषयीं दुसऱ्यास नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आम्ही एका गांवीं शिक्षक असतां प्रयोगशाळेंतील आग विझविण्याच्या साहित्याची नोंदवही आमच्याकडे होती. दरमहा शेवटच्या दिवशीं 'पाहिलें, ठीक' असें लिहून आम्ही सही करीत असूं. एके दिवशीं मुलांच्या हातून स्पिरिटचा दिवा कलंडला व टेबलावर ज्वाळा पसरली. वाळूच्या बादलीकडे धांवलों, तों छपराच्या गळतीनें वाळूचा दगड झालेला. भिंतीवरील नळकांड्याचा कांटा शून्यावर. शिपायानें ओलें पोतें टाकलें म्हणून निभावलें. एका विद्यार्थ्याचा हात मात्र भाजला. रात्रीं घरीं येऊन आम्हीं ती वही उघडली. मागील अकरा महिन्यांच्या अकरा नोंदी होत्या, सर्व आमच्याच वळणदार अक्षरांत, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेल्या. बादलीस आम्हीं एकदांही हात लावला नव्हता. त्या मुलाच्या वडिलांनीं आम्हांस एका शब्दानें दोष दिला नाहीं. तें आजही मनास लागून आहे.

पुतण्या ज्या नव्या पद्धतीविषयीं बोलत होता तिचें महत्त्व आम्हांस याच कारणानें पटलें. आतां कांट्याऐवजीं एक अंकदर्शक पेटी चांचणीच्या तोटीस जोडतात. दाब ठरलेल्या संथ गतीनें चढवावयाचा. कारण घाईनें चढविल्यास झडप मिटेपर्यंत आंकडा पुढें निघून जातो. पेटी क्षणाक्षणास दाब मोजून त्याची रेषा काढते, आणि झडप मिटली तो नेमका आंकडा दिवस व वेळ यांसह साठविते. मग कांहीं मिनिटें ती नुसती पाहत राहते: मिटलेल्या झडपेपलीकडे दाब हळूहळू वाढूं लागला तर झडप पडली खरी, पण घट्ट बसली नाहीं. रेग्युलेटरचीही अशीच परीक्षा होते. पुढील वाट बंद केल्यावर तो किती दाबावर स्थिर राहतो तें पाहतात.

यांतून एक नवीन लाभ होतो. समजा झडप 5 बारला मिटावी अशी योजना आहे. एका वर्षीं ती 5.02 ला मिटली, पुढील वर्षीं 5.09 ला, त्यापुढील वर्षीं 5.17 ला. प्रत्येक वेळीं ती मर्यादेंतच असेल व 'ठीक' हा शेरा खोटाही ठरणार नाहीं. पण तीन रेषा शेजारीं ठेवल्या कीं ती कोणीकडे चालली आहे हें स्पष्ट होतें, आणि ती हुकण्यापूर्वींच दुरुस्ती करतां येते.

दुसरी गोष्ट ऐकून आम्हांस शाळातपासणीची आठवण झाली. साहेब येणार म्हटल्यावर आदल्या दिवशीं मुलांकडून उत्तरें घोकून घेण्याची चाल कोणास ठाऊक नाहीं? झडपेच्या बाबतींतही तसेंच घडूं शकतें. दीर्घकाळ उभी असलेली झडप पहिल्या खेपेस अडखळते. दोन-चार वेळां हलविली कीं मोकळी होते. आधीं हलवून मग परीक्षा घेतली तर आंकडा सुंदर येतो, पण प्रसंग येईल तेव्हां आधीं हलविण्यास कोण असणार? म्हणून पहिलीच हालचाल नोंदली पाहिजे. पेटी प्रत्येक खेप वेळेसह नोंदीत असल्यानें पहिली लपविणें अवघड होतें.

तथापि यंत्र आलें म्हणजे चिंता मिटली असें कोणीं समजूं नये. 13 सप्टेंबर 2018 रोजीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत लॉरेन्स, अँडोव्हर व नॉर्थ अँडोव्हर या गांवीं अनेक घरांतून एकाच वेळीं आगी व स्फोट झाले. 131 इमारतींची हानि झाली; 18 वर्षांचा एक तरुण प्राणास मुकला. तेथील रेग्युलेटर मोडलेले नव्हते. जुनी बिडाची वाहिनी बाद करण्याचें काम चालू होतें, आणि दाब समजण्याच्या नळ्या त्या बाद वाहिनीसच जोडलेल्या राहिल्या होत्या. तेथील दाब उतरूं लागतांच रेग्युलेटरांस वाटलें कीं घरांस गॅस कमी पडतो, आणि त्यांनीं वाट सताड उघडली. एक व त्याच्या जोडीचा दुसरा, दोघेही त्याच चुकीच्या जागीं पाहत होते. अशा वेळीं रेग्युलेटरची परीक्षा घेऊन भागत नाहीं. तो कोठें पाहतो हेंही पाहावें लागतें. शिवाय ती अंकदर्शक पेटीच खरें मोजते कीं नाहीं याचीही वेळोवेळीं प्रमाणित मापाशीं तुलना करावी लागते, आणि परीक्षा आटोपल्यावर सर्व तोट्या पूर्वस्थितीस आल्या आहेत हें दुसऱ्या माणसानें स्वतः पाहावें लागतें.

ही चर्चा केवळ पुण्यामुंबईची नव्हे. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे 1865 सालीं लागले. नळाचा नैसर्गिक गॅस घरोघर नेण्यासाठीं तेथें 1995 सालीं महानगर गॅस व पुण्यास 2006 सालीं महाराष्ट्र नॅचरल गॅस या कंपन्या स्थापन झाल्या. 2018 च्या नवव्या बोली-फेरींत लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आपला आजचा धाराशिव, हे जिल्हेही एक क्षेत्र म्हणून या योजनेंत आले. तेरणाकांठच्या या गांवीं एके काळीं कारखान्याच्या भोंग्यावर आमचीं घड्याळें लागत. त्याच्या बॉयलरवरही सुरक्षेचे व्हाल्व्ह असतच. वाफेच्या युगानें शिकविलेला हा धडा आतां स्वयंपाकघराशीं येऊन ठेपला आहे.

गॅसला वास मुद्दाम लावलेला असतो हेंही घरांतील मुलांस सांगावें. 18 मार्च 1937 रोजीं अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत न्यू लंडन येथील शाळेंत बिनवासाचा गॅस सांठून स्फोट झाला व सुमारें 300 मुलें व शिक्षक मरण पावले. त्यानंतर वास मिसळण्याचे कायदे झाले. तो वास आल्यास विजेचें बटण दाबूं नये, काडी ओढूं नये. तोटी बंद करावी, दारें-खिडक्या उघडाव्या व बाहेर जाऊन कळवावें.

बोलणें संपल्यावर वहिनी कांहीं वेळ स्वस्थ होत्या. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या तिकडच्या झडपेची परीक्षा होते, छान आहे. आपल्या इथल्या नळीची कधीं झाली?" पुतण्या उठला व शेगडीमागें दिवा धरून पाहूं लागला. रबरी नळी पांच वर्षांनीं बदलावी असा नियम आहे, व तिच्यावर साल छापलेलें असतें. आमच्या नळीस सात वर्षें होऊन गेलीं होतीं. एका वांकावर बारीक चिराही दिसल्या. घरांत सर्वांत शिकलेले म्हणून मिरविणारे आम्ही रोज त्याच शेगडीवरचा चहा घेत होतों!

दुसऱ्या दिवशीं नवी नळी आली. टाकीच्या कड्याखालील पट्टीवरचें अक्षरही पुतण्यानें सुनांस दाखविलें: ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर, डी म्हणजे डिसेंबरअखेर, आणि पुढील आंकडा वर्षाचा; ती तारीख उलटलेली टाकी घ्यावयाची नाहीं. आम्हीं एक वही केली आहे. तींत 'ठीक' हा शब्द लिहावयाचा नाहीं. जें डोळ्यांनीं पाहिलें तें साल व तो आंकडाच लिहावयाचा, असें ठरलें आहे. वही वहिनींच्या ताब्यांत आहे.

वाचकांनीं हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं आपल्या शेगडीमागील नळीवरील साल पाहावें, एवढीच या महिन्याची विनंती.