वाघ्या भुंकतो तेव्हा

आज चंपाषष्ठी. मार्गशीर्षाच्या प्रतिपदेला बसलेले खंडोबाचे षड्रात्र आज उठेल. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे आज भाजले जाईल, बाजरीचे रोडगे थापले जातील, आणि ताम्हणात पान-सुपारी, खोबरे, भंडारा ठेवून पाच जण तळी उचलतील. पुण्याजवळच्या भुकूममध्ये ‘सदानंदाचा येळकोट’ डोंगराकडच्या जुन्या घरांतून ऐकू येतो, तसा पौड रस्त्यालगतच्या नव्या इमारतींतूनही येतो. आठव्या मजल्यावर राहायला गेले म्हणून कुळधर्म कुणी खाली ठेवून जात नाही.

गेल्या वर्षी इथल्याच एका लग्नघरी खंडोबाचे जागरण होते. मध्यरात्र उलटून गेली होती. दिमडी आणि तुणतुणे थांबले. म्हाताऱ्या वाघ्याने, खंडोबाला वाहिलेल्या त्या भक्ताने, आपला कोटंबा काढून जमिनीवर ठेवला. लाकडाचा चौकोनी वाडगा, हात लागून लागून कडा गुळगुळीत झालेल्या, कोपऱ्यांत वर्षानुवर्षांचा भंडारा बसलेला. यजमानीणबाईंनी त्यात दूध ओतले. वाघ्याने दोन्ही हात जमिनीला टेकले, मान खाली घातली आणि तो भुंकला. मागे बसलेली पोरे आधी फिसकन हसली, मग एकदम गप्प झाली. वाघ्या तोंडानेच दूध प्यायला. खाली रामनदीच्या अंगाला कुठेतरी गावातली कुत्री भुंकू लागली. मग तो उठला, उपरण्याने दाढी पुसली आणि समोरच्या आजीला म्हणाला, ‘आई, भंडार लावून घ्या.’

त्या पोरांना ‘वेअरवुल्फ’ ठाऊक आहे. पौर्णिमेचा चंद्र, फाटणारा सदरा, हातावर उगवणारे केस हे सगळे त्यांनी पडद्यावर पाहिले आहे. त्यांच्या आईबापांनी १९९२ साली महेश भट्ट यांच्या ‘जुनून’मध्ये राहुल रॉयला पौर्णिमेच्या रात्री वाघ होताना पाहिले होते. परदेशातला लांडगा आपल्याकडे आला तो वाघ होऊन. पुढे २०२२च्या ‘भेडिया’मध्ये वरुण धवन पुन्हा लांडगा झाला. ओव्हिडच्या लॅटिन काव्यातला लायकेऑन राजा असो की १९४१चा ‘द वुल्फ मॅन’, या साऱ्या गोष्टींची दिशा एकच: माणूस होता, त्याचे जनावर झाले आणि हा शाप आहे.

आपल्या वाघ्याची कथा उलट्या बाजूने सुरू होते. परंपरा सांगते की वाघ्या मुळात वाघच होता. मार्तंडभैरवाची, म्हणजे खंडोबाची, दृष्टी त्याच्यावर पडली आणि वाघाचा माणूस झाला. भंडाऱ्याची पिशवी वाघाच्या कातड्याची असे ती याच नात्याने. आता व्याघ्रचर्म बाळगणे गुन्हा आहे, पिशवी कापडाची झाली, नाव वाघ्याचेच राहिले. आणि देवाच्या दारात हा माणूस झालेला वाघ स्वतःला कुत्रा म्हणवतो, कारण खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो. कर्नाटकात मैलारच्या यात्रेत वग्गय्याही असाच भुंकतो. रा. चिं. ढेरे यांनी १९६१च्या ‘खंडोबा’ या ग्रंथात या दैवताचा मागोवा घेतला. जर्मनीहून येऊन धनगरांबरोबर वाड्या-माळ हिंडलेल्या गुंथर सोन्थायमर यांनी रान आणि वस्ती ही जोडी हाताशी धरून आपली लोकदैवते समजावून दिली. खंडोबा दोन्हीकडचा: म्हाळसा वाण्याच्या घरची, बाणाई धनगरवाड्याची. वाघ रानाचा, कुत्रा वस्तीचा. कुत्रा म्हणजे तरी कोण? हजारो वर्षांपूर्वी माणसाच्या शेकोटीजवळ येऊन बसलेला लांडगाच. कोटंब्यावर वाकलेला वाघ्या रान आणि वस्ती यांच्यामधला तो सगळा प्रवास एका श्वासात करून येतो, आणि दूध संपले की उठून माणसांत बसतो. कुणी त्याला भीत नाही. त्याच्या हातचा भंडारा आपण कपाळाला लावतो.

स्वतः होऊन घेतलेले जनावराचे रूप हे असे असते. दुसऱ्याने लादलेले रूप कसे असते, तेही आज सांगितले पाहिजे.

१५८९ साली जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्गमध्ये पीटर स्टुम्प नावाच्या शेतकऱ्याला लांडगा होऊन माणसे खाल्ल्याच्या आरोपावरून मारण्यात आले. छळाची भीती घालून त्याच्याकडून कबुली घेतली होती. त्याला चाकाला बांधले, शिरच्छेद केला, धड जाळले. त्याच्या मुलीलाही सोडले नाही. लांडगा तिथे कुणी पाहिला असेल-नसेल. माणसे मात्र खरी मेली.

हे दूरचे वाटेल म्हणून जवळचे सांगतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच जण आले होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवरून गावोगाव पोहोचली होती. आठवडी बाजाराचा दिवस होता. त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने मरेपर्यंत मारले. ज्यांच्या झोळीत आजवर गावाने पीठ घातले, त्यांच्यात त्या दुपारी गावाला माणूस दिसला नाही. वाघ्याही दारोदार वारी मागतो. आज तो अनोळखी गावात शिरला आणि दारात भुंकला, तर? हा प्रश्न आम्हाला झोपू देत नाही.

खंडोबाच्या दारातही लादणे झालेच, ते झाकून चंपाषष्ठी साजरी करता येणार नाही. नवसाची लेकरे कळण्याआधीच देवाला वाहिली गेली. मुलगा वाघ्या झाला, पण त्याला संसार करता येई. मुलगी मुरळी झाली की तिचे लग्न देवाशी लागे आणि पुढचे आयुष्य गावाच्या नजरेला सोपवलेले असे. शिवराम जानबा कांबळे आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच याविरुद्ध आवाज उठवला. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला. जागरणात मुरळी आजही घाटी वाजवते. तिच्या पायांकडे पाहणाऱ्यांनी तिच्या चेहऱ्याकडेही पाहावे, एवढे तरी झाले पाहिजे.

आणि खरा लांडगा? त्याच्यावरही राक्षसाचे रूप लादलेच. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत हिंदुस्थानात सुमारे २ लाख लांडगे मारले गेले. इंग्रज सरकार त्यांच्या मुंडक्यांवर बक्षीस देई. आज साऱ्या देशात उरले आहेत ते सुमारे ३,०००. १९७२च्या वन्यजीव कायद्याचे पहिल्या अनुसूचीतले संरक्षण त्याला आहे, पण तो राहतो त्या माळरानाला सरकारी कागद ‘पडीक’ म्हणतो. खंडोबाचा जेजुरीचा गड ज्या माळरानाच्या मुलखात उभा आहे तिथे, सासवड-सुपे-बारामतीच्या बाजूला, आजही लांडगा आहे. मेंढी गेली की धनगर हळहळतो. त्याचे नुकसान खरे असते, भरपाई वेळेवर मिळणे हा त्याचा हक्क आहे. अलीकडे पुणे जिल्ह्यातल्या माळरानावर लांडगा आणि गावकुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत आढळले. उकिरडे वाढले, मोकाट कुत्री वाढली, माळ आटला. लांडग्याचे खरोखरीचे रूपांतर हे असे, चंद्राशिवाय, आपल्या कचऱ्याच्या काठावर चालले आहे.

भुकूमला माळ नाही, डोंगर आहे. त्याच्या उतारांवर घरे चढत चालली आहेत आणि रामनदी जिथे उगम पावते त्या खाटपेवाडीपर्यंत दिवे पोहोचले आहेत. मधूनच कुणाच्या तरी फोनवर बिबट्याचा फोटो येतो, कुठला, कधीचा, कुणी विचारत नाही. तासाभरात सगळ्या इमारती तो पुढे धाडतात आणि संध्याकाळी खालच्या रस्त्याने कोणी अनोळखी माणूस गोणी घेऊन चालला तर पहारेकरी त्याला हटकतो. मुलांनी खिडक्या लावून घेतलेल्या असतात.

आज तळी उचलण्याआधी भरीत-रोडग्याचा पहिला घास कुत्र्याला जातो. आमच्या गल्लीत दुपारी बाराच्या सुमारास एक आजी पान घेऊन फाटकापाशी येतात. तिथले लंगडे, कान फाटलेले कुत्रे त्यांना ओळखते. एरवी त्याला हाकलणारा पहारेकरी आज बाजूला सरून उभा राहतो. आजी पान खाली ठेवतात, चिमूटभर भंडारा त्या कुत्र्याच्या डोक्यावर टाकतात आणि त्याचे खाऊन होईपर्यंत उन्हात तशाच थांबतात.